ऑलिव्ह आंटीची तुरटी

अंधेरी पूर्वेला, मेट्रोचा पूल आणि एक उंच टॉवर यांच्यामध्ये चेपून बसलेली ईस्ट इंडियन लोकांची, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांची, एक जुनी पाखाडी आहे. घरं थोडीच उरली आहेत. त्यातल्या निम्म्यांना कुलपं, कारण वारस कॅनडात आणि भांडण कोर्टात. गल्लीच्या तोंडाशी दगडी खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. हा खुरीस कुणाचा असं विचारलंत तर कुणीही सांगेल, देवाचा. पण ऑक्टोबर लागला की तो ऑलिव्ह आंटीचा व्हायचा, आणि त्याला हरकत घ्यायची देवाचीही हिंमत नसावी.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी खुरसाच्या उजव्या अंगाला खुर्ची टाकून ऑलिव्ह आंटीनं बसायचं आणि पाखाडीनं तिच्यासमोर उभं राहायचं, असा शिरस्ता. माळ तीच सांगायची. कुणी मोबाइल बघितला, कुणाच्या सुनेचा स्कार्फ डोक्यावरून घसरला, की 'नमो मरिया' मध्येच तोडून, देवाच्या आईला ताटकळत ठेवून, ती त्या माणसाची खरडपट्टी काढायची आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू करायची. शेवटच्या दिवशी, एकतीस तारखेला, माळ संपली की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप वाटायची रीत होती. चण्यांचं पातेलं ऑलिव्हच्या घरून यायचं. तिची आई फिलूमाय होती तेव्हापासून यायचं.

फिलूमायनं मरताना लेकीच्या पदरात तीन गोष्टी टाकल्या: खुरसाजवळची खुर्ची, चण्यांचं पातेलं आणि दृष्ट काढायचा हात. लेकीनं तिन्ही सांभाळल्या, तिसरी जरा जास्तच.

दृष्ट तशी घरोघरी काढतात. पण ऑलिव्हच्या हाताला गुण आहे असं पाखाडीतच नाही, टॉवरमधले लोकसुद्धा म्हणत. रडणारं, दूध टाकणारं, झोपेत दचकणारं पोर घेऊन बायका तिच्या मागच्या दाराला यायच्या. मूठभर मीठ, सुक्या मिरच्या आणि तुरटीचा खडा ती पोरावरून उतरवायची. ओठांत अर्धी प्रार्थना असायची, अर्धं आल्यागेल्याचं, भुताखेताचं, घरच्यादारच्याचं. मग सगळं निखाऱ्यावर. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नाही, ताप साधा आहे, डॉक्टरकडे जा. ठसका लागला नाही तर दृष्ट आहे, आणि जबर आहे. मग तुरटी फुलायची, वेडीवाकडी व्हायची, आणि ऑलिव्ह चष्मा कपाळावर चढवून तिच्यात दृष्ट लावणाऱ्याचं तोंड शोधायची.

फिलूमायही तुरटी जाळायची. पण ती तोंड बघायची नाही. खडा फुलला की टाचेखाली चिरडून रस्त्यावर फेकायची, विषय संपला. तोंड बघणं ही लेकीची भर. ज्याच्याशी नळावरून वाजलं असेल, ज्यानं लग्नाला बोलवलं नसेल, त्याचंच तोंड नेमकं तुरटीत उमटायचं. ती खोटं सांगायची असं कुणी म्हणू नये, तिला खरंच दिसायचं. पण तिला दिसलं की दोन घरांचं बोलणं बंद व्हायचं, आणि ती माळ सांगायला मोकळी.

अशाच एका तुरटीत तिला व्हॅलेन्सिया दिसली.

व्हॅलेन्सिया समोरच्या घरातली. नवरा बोटीवर, सहा-आठ महिने बाहेर. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पोटातच आटोपलं. पाखाडीत कुणाकडे बाळ जन्मलं की ती सगळ्यात आधी धावायची, हातानं विणलेलं टोपडं घेऊन. गल्लीतल्याच डेल्रॉयला मुलगा झाला तेव्हाही गेली. बाळाला मांडीवर घेऊन बसली, नको तितका वेळ बसली. दुसऱ्या दिवशी बाळाला ताप भरला. डेल्रॉयची आई फ्लेविया नातवाला घेऊन ऑलिव्हकडे आली. मिरच्या जळल्या, ठसका आला नाही. तुरटी फुलली. ऑलिव्हनं ती चिमट्यात धरून उजेडाकडे फिरवली आणि म्हणाली, "पोराला तिच्या सावलीलाही उभं करू नकोस. तिची लागते."

ती म्हणजे कोण हे फ्लेवियानं विचारलं नाही. ताप उतरला. डॉक्टरचं औषधही चालू होतं, पण औषधाचं नाव कोण घेतो. आठवड्याभरात पाखाडीतल्या प्रत्येक आईला ठाऊक झालं. व्हॅलेन्सियाच्या तोंडावर कुणी काहीच बोललं नाही. ती गल्लीतून आली की ओढण्या आणि टॉवेल बाळांच्या तोंडावर यायचे, बस. सुरुवातीला तिला वाटलं धूळ उडतेय. मग एका बाप्तिस्म्याला तिनं बाळ घ्यायला हात पुढे केले आणि त्या हातांत कुणीतरी केकची बशी दिली. त्या दिवशी तिला कळलं. तिनं भांडण केलं नाही, रडून गल्ली गोळा केली नाही, घरी बसून केकच्या ऑर्डरी घ्यायला लागली. तेही ऑलिव्हला खुपलं. माणसानं चूक नसेल तर भांडावं की नाही, असं ती सगळ्यांना विचारायची.

मग एका वर्षी टॉवरमधल्या बायकांनी व्हॅलेन्सियाकडून हॅलोवीनसाठी भोपळ्याच्या रंगाचे केक मागवले. केक करता करता तिच्या काय मनात आलं कोण जाणे. एकतीस ऑक्टोबरला तिनं दाराला नारिंगी कागदी कंदील लावला, प्लॅस्टिकचा सांगाडा टांगला, डोक्यावर काळी टोकदार टोपी चढवली आणि चॉकलेटांनी भरलेला मोठा वाडगा घेऊन बसली. टॉवरची पोरं आली, त्यांच्यामागून पाखाडीची. कुणी भूत, कुणी वटवाघूळ. बेल वाजवायची, किंचाळायची, आणि ती दार उघडून खोटंखोटं घाबरायची. डेल्रॉयचा मुलगा जेडन एव्हाना शाळेत जायला लागला होता. त्याला मिशा हव्या होत्या. तिनं काजळात बोट बुडवून त्याच्या गालांवर मिशा काढल्या. इतक्या वर्षांत पाखाडीतल्या पोराच्या गालाला तिचं बोट लागलं ते असं. आया बघत होत्या, पण टॉवरच्या बायकांसमोर दृष्टीबिष्टीचं कसं काढणार? शिवाय चॉकलेटं बाहेरच्या देशातली होती.

इकडे खुरसाजवळ ऑलिव्ह माळ सांगत होती आणि समोर म्हातारे सोडून कुणी नव्हतं. पातेलंभर चणे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना तार सुटली आणि तिला ते टाकून द्यावे लागले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. जिच्यापासून पोरं तिनं एका शब्दानं तोडली होती, तीच बाई खुरसासमोरून पोरं पळवून नेत होती. हा अपमान ऑलिव्हनं घासूनपुसून जपला.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरातच ती फादरकडे गेली. ऐन सर्व संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी पाखाडीत भुतं नाचतात, हे चर्चला चालतं का, असं तिनं विचारलं. फादर तरुण आणि मवाळ. म्हणाले, पोरांना वेष करायला आवडतं, मग त्यांना संतांचे वेष करू दे, संत होऊन दारोदार जाऊ दे. ऑलिव्ह म्हणाली की संतांना चॉकलेटांची भीक मागायला लावायची तर सैतान बरा. फादर हसले. त्या हसण्यानं तिचं डोकं फिरलं, आणि तिथून ती थेट डेल्रॉयकडे गेली.

डेल्रॉय हा एकेकाळी पाखाडीचा नंबर एकचा बेवडा. मग एका रिट्रीटला, चर्चच्या प्रार्थना-शिबिराला, गेला आणि आरपार बदलून आला. आता दर गुरुवारी त्याचा प्रार्थनेचा ग्रुप भरायचा, माइक आणि स्पीकर लावून. दारू सुटली होती, पण आवाज तोच होता, पूर्वी बायकोवर चढायचा तो आता सैतानावर चढायचा. ऑलिव्हचं सगळं त्यानं डोळे मिटून ऐकलं. हे असे खेळ म्हणजे सैतानासाठी आपण आपल्या हातानं काढलेली कडी, असं तो म्हणाला. एकतीस तारखेला रोझरीनंतर खुरसासमोर प्रत्येकानं घरातलं सैतानाचं जे असेल ते आणून जाळायचं, असं ठरलं. आंटी सगळ्यांसमोर त्याच्या बाजूनं उभी राहील का, एवढंच त्यानं विचारलं. ऑलिव्ह म्हणाली, राहीन म्हणजे काय, जाळायला घमेलं माझ्याकडचं घे.

तो आठवडा तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा असावा. घरोघर फिरून तिनं आयांना दम भरला. शिवून ठेवलेले काळे झगे कपाटातून काढायला लावले. पोरं रडली तर रडू दे म्हणाली. फ्लेवियानं दबक्या आवाजात सांगून बघितलं की पोरांचाच खेळ आहे. ऑलिव्हनं तिला विचारलं, "तुझा नातू त्या बाईच्या हातचं खातो, आणि मला खेळ सांगतेस गो?" फ्लेविया नातवाचा झगा काढायला आत गेली.

एकतीस तारखेला खुरसासमोर गल्ली भरून माणसं आली. ऑलिव्हनं माळ अशी सांगितली की मेट्रोच्या पुलावर ऐकू जावी. खुर्ची तिनं मुद्दाम थोडी तिरकी टाकली होती. समोर व्हॅलेन्सियाचं दार दिसत होतं. कंदील लावलेला होता आणि ती वाडगा घेऊन उंबऱ्यात उभी होती. कुणी तिला सांगितलंच नसेल, किंवा सांगूनही तिनं आशा सोडली नसेल. माळ संपली आणि घमेलं पेटलं. पोरं एकेक करून आली आणि मुखवटे टाकून गेली. जेडननं आपला सांगाड्याचा मुखवटा पाठीमागे लपवला होता. डेल्रॉयनं त्याच्या हाताची बोटं एकेक करून उकलली आणि मुखवटा आगीत टाकला. प्लॅस्टिकचा काळा धूर खुरसाच्या माथ्यावरून गेला.

मग व्हॅलेन्सिया स्वतःहून आली. टोपी, सांगाडा, कंदील, सगळं उतरवून घेऊन आली, एकेक वस्तू घमेल्यात ठेवली आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. ऑलिव्हनं चणे वाटायला घेतले. मुठी भरभरून दिले, पोरांना दुप्पट. व्हॅलेन्सियानंही इतरांसारखी ओंजळ पुढे केली. ऑलिव्हनं तिच्या ओंजळीत वरून, हात लागणार नाही असे, मोजके दाणे सोडले. दोन खाली पडले. व्हॅलेन्सियानं वाकून ते उचलले आणि खाल्ले.

त्या क्षणी डेल्रॉयनं माइक पुन्हा तोंडाशी धरला. खेळण्यातली भुतं जाळून झाली, आता खऱ्यांकडे वळू, असं तो म्हणाला. आणि ऑलिव्हकडे वळला.

"आंटी, घरातली ती पिशवी आणा."

"कुठली रे?"

"तुरटीची."

ऑलिव्ह हसली. हसणारी ती एकटीच होती, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती बोलू लागली. मिठात काय पाप आहे, फादरसुद्धा मीठ मंतरतात, आपण तर देवाचं नाव घेऊनच उतरवतो. डेल्रॉय तिला एकदाही तोडत नव्हता. तिचं संपल्यावर म्हणाला की वरून प्रार्थना आणि आतून मिरच्या, हाच सैतानाचा सगळ्यात जुना मुखवटा. जो हे करतो त्याला खुरसासमोर माळ सांगता येणार नाही. आजपासून नाही. गल्लीत कुणी हललं नाही. याच माणसांतली निम्मी तिच्या मागच्या दारानं आत येऊन गेलेली होती.

ऑलिव्हनं फ्लेवियाकडे बघितलं. "सांग की गो तुझ्या लेकाला. तीन महिन्यांचा होता, दूध ठरत नव्हतं, तेव्हा कुणाच्या दारात घेऊन बसायचीस? माझ्या आईच्याच ना?"

फ्लेवियानं डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला. "तेव्हा आम्हाला कळत नव्हतं," ती म्हणाली.

ऑलिव्ह बावळट नव्हती. तुरटी काय, कुठल्याही वाण्याकडे मिळते. पिशवी गेली तर उद्या दुसरी भरता येईल, पण खुर्ची एकदा उठली की पुन्हा कोण टाकू देतो? ती घरात गेली आणि पिशवी घेऊन आली. वर्षाच्या मिरच्या, मीठ आणि तुरटीचे खडे, सगळं. ती पिशवी आगीत टाकणार तोच डेल्रॉयनं तिचं मनगट धरलं. हळूच धरलं, आजारी माणसाचं धरावं तसं.

"कुणाकडून शिकलात, आंटी?"

"आईकडून."

"मग ते नातं आधी तोडावं लागेल. नाहीतर मुळं राहतात. म्हणा, माझी आई सैतानाचं काम करत होती."

त्या खुरसाला टेकून फिलूमाय एकदा दिवसभर बसली होती. रस्ता रुंद करायला माणसं आली होती, खुरीस काढून दुसरीकडे बसवू म्हणत होती. लुगड्याचा काचा मारून म्हातारी दगडाला पाठ लावून बसली, पाणीसुद्धा प्यायली नाही, आणि रस्त्याला वळसा घ्यावा लागला. आजही तो वळसा तिथे आहे. ऑलिव्हला हे आठवलं की नाही? आठवलं. तिनं खुरसाकडे बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं.

"माझी आई सैतानाचं काम करत होती," ती पुटपुटली.

डेल्रॉयनं माइक तिच्या तोंडाशी आणला. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

तिनं पुन्हा म्हटलं. स्पीकर टॉवरच्या भिंतीकडे तोंड करून लावला होता, त्यामुळे ते वाक्य भिंतीला लागून तिच्याकडे परत आलं. "तिचं माझं नातं मी तोडते," हेही तिनं म्हटलं, हेही परत आलं.

पिशवी घमेल्यात पडली. इतक्या मिरच्या एकदम पेटणार म्हणून बायकांनी ओढण्या नाकाशी धरल्या, म्हाताऱ्यांनी रुमाल काढले. मिरच्या काळ्या पडल्या, तडतडल्या, राख झाल्या. एकालाही ठसका लागला नाही. वारा पलीकडे होता म्हणा, प्लॅस्टिकच्या धुरात विरलं म्हणा. पण ठसका लागला नाही याचा अर्थ काय, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फ्लेवियानं जेडनचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं. व्हॅलेन्सियाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे ऑलिव्हकडे बघत होते.

डेल्रॉयनं देवाचे आभार मानले. मग म्हणाला की इतकी वर्षं असल्या कामात असलेल्या माणसानं लगेच पुढे उभं राहू नये, आंटीनं आता आराम करावा, माळ तो स्वतः सांगेल. खुर्ची त्यानंच उचलली आणि मागच्या रांगेत नेऊन ठेवली, अगदी आदरानं. ऑलिव्ह पातेलं उचलून घरी गेली.

दोन तारखेला मृतांचा सण होता. झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन सगळी पाखाडी कब्रस्तानात होती. दरवर्षी ऑलिव्ह आईच्या दगडाशी बसून मोठ्यानं बोलायची, वर्षभराच्या चुगल्या सांगायची, कुणाकुणाचं काय वाटोळं झालं ते सांगायची. या वर्षी तिनं मेणबत्ती लावली, फुलं ठेवली आणि ओळखीच्या माणसाची नजर चुकवून पुढे जावं तशी लगबगीनं निघाली.

नवी तुरटी तिनं त्याच आठवड्यात आणली. लोकांचा हा ताप चार दिवसांत उतरेल, मग मागच्या दारानं येतील, असा तिचा हिशेब. कुणीच आलं नाही. आलं ते वेगळंच. गल्लीतून जाताना एका सुनेनं तिला बघून बाळाच्या तोंडावर टॉवेल ओढला. ऑलिव्हला वाटलं, धूळ उडत असेल. दुसरीनं ओढला तेव्हा तिनं आकाशाकडे बघितलं. वारा नव्हता. तिचा मुलगा लिओनार्ड मीरा रोडला राहायचा, नाताळला आला. तू त्या भानगडीत पडायलाच नको होतंस, एवढं सांगून आणि डुकराचं विंदालू डब्यात भरून घेऊन गेला.

पुढचा ऑक्टोबर आला. माळ डेल्रॉय सांगत होता. फादरनी पुन्हा तीच कल्पना काढली, एकतीस तारखेला पोरांनी संतांचे वेष करून दारोदार जावं. डेल्रॉयनं डोळे मिटून विचार केला आणि होकार दिला. वेष कोण शिवणार? व्हॅलेन्सिया. तिनं टोपी स्वतःहून जाळली होती, कुणी न सांगता. डेल्रॉय आता प्रत्येक प्रार्थनेत तिचं उदाहरण द्यायचा. महिनाभर तिच्या घरी पोरांची रीघ लागली. कुणाच्या झग्याचं माप, कुणाच्या चंदेरी कागदाच्या प्रभावळीची कुरकुर. आया आपली पोरं तिच्यासमोर स्टुलावर उभी करून खुशाल निघून जायच्या.

एकतीसच्या संध्याकाळी खुरसाजवळ चण्यांऐवजी वेफर्सची पाकिटं वाटली आणि संत निघाले. ऑलिव्हनं दुपारीच चणे उकडले होते. खोबऱ्याचे कापही केले होते. दारावरचा दिवा लावला, पातेलं दाराशी स्टुलावर ठेवलं आणि आतल्या बाजूला बसली. संतांना भीक मागायला लावायची तर सैतान बरा, असं म्हणणारी ती हीच. आता कान दाराला लावून बसली होती. एकच पोर यावं, एवढंच तिला हवं होतं. कुठलंही. नाक गळत असलं तरी चालेल.

संत आले. शेजारच्या घरी चॉकलेटं घेतल्याचं ऐकू आलं. मग तिच्या दाराबाहेर कुजबुज झाली. तिनं फटीतून बघितलं. संत अँथनी काखेत बाहुला धरून, संत फ्रान्सिस खांद्यावर कापडी कबूतर टाचून, आणि पुठ्ठ्याची तलवार घेऊन देवदूत मिखाएल, म्हणजे जेडन. संतांनी जेडनला ढकललं. जेडननं छातीवर खुरसाची खूण केली, धावत आला, दाराला तलवारीचं टोक लावलं आणि किंचाळत पळाला. "चेटकीण आली, चेटकीण आली," म्हणत सगळे संत खिदळत गल्लीच्या टोकाला गेले. मास्क जाळले होते, भूत शिल्लक होतंच.

ऑलिव्ह उठणार होती. तेवढ्यात पुन्हा दार वाजलं, हळू. तिनं उघडलं. निळी ओढणी डोक्यावरून घेतलेली, मरियामाऊली झालेली एक चिमुरडी उभी होती. निधी तिचं नाव. टॉवरमध्ये नवीनच राहायला आलेल्या अक्षताची मुलगी. इथलं तिला काही माहीत नव्हतं. तिनं पिशवी वर धरली आणि जुन्या सोसायटीत शिकली होती तेच म्हणाली, "ट्रिक ऑर ट्रीट."

ऑलिव्ह रागावली नाही. रागवायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. ओंजळ भरून चणे तिनं पिशवीत घातले, पुन्हा एक ओंजळ घातली. "गोड नाहीत हां," ती म्हणाली. पोरीनं एक तोंडात टाकला आणि हसली, पुढचा एक दात पडलेला. इतकं गोड पोर दिसलं की फिलूमायच्या घरातल्या बाईचे हात जागेवर राहत नाहीत. ऑलिव्हनं पोरीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायला वर नेले.

"निधी, इकडे ये." अक्षता गल्लीतून धावत येत होती. तिच्या मागे व्हॅलेन्सिया होती, गळ्यात शिवणाची टेप, ब्लाउजला टाचण्या टोचलेल्या. दिव्याच्या उजेडात आली आणि थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. व्हॅलेन्सियाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर ऑलिव्हला बरं वाटलं असतं.

"अक्षता," ती शांतपणे म्हणाली, "पोरीला तिच्या सावलीलाही उभं करू नकोस. तिची लागते."

अक्षता ओशाळली, नव्या माणसानं ओशाळावं तशी. पण तिनं निळी ओढणी पोरीच्या तोंडावर ओढली आणि तिला कडेवर घेतलं. पिशवी उलटी झाली. चणे पायरीवर सांडले. व्हॅलेन्सिया वाकली नाही. ती दोघींना घेऊन आपल्या घरात गेली, तिथे उरलेले संत तिची वाट बघत होते.

ऑलिव्हनं दार लावलं. गॅसवर निखारा धरला. मीठ घेतलं, मिरच्या घेतल्या, वर्षभर कुणी न मागितलेली तुरटी घेतली आणि मूठ मिटून खुर्चीत बसली. स्वतःची दृष्ट स्वतःला काढता येत नाही, हे तिला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. तिची काढणारा हात एकच होता. त्यानं दर शनिवारी काढली होती, लग्न झाल्यावर, लिओनार्ड झाल्यावर, केस पिकल्यावरसुद्धा, आणि एकदाही तुरटीत कुणाचं तोंड बघितलं नव्हतं. तो हात कब्रस्तानात होता, आणि त्याच्याशी तिनं माइकवरून नातं तोडलं होतं. निखारा विझला. मुठीतलं मीठ घामानं ओलं होऊन बोटांतून गळायला लागलं तरी ती तशीच बसून होती.